ज्या हातानं मोजलं

विद्या गेली ती सकाळी, मी चहाचं आधण ठेवत होतो तेव्हा. दवाखान्यातून मनूचा, आमच्या मुलीचा फोन आला, "बाबा, आई..." मी गॅस बंद करून निघालो. महिना उलटला. छावणी भागातल्या आमच्या घरापुढं गाडी थांबली की अजून वाटतं, हिच्या बुटांना शेण लागलेलं असणार आणि ती तशीच आत येणार.

विद्या जनावरांची डॉक्टर, मी बँकेतला कारकून. तालुक्यात लोक मला 'डॉक्टरीणबाईंचे मालक' म्हणत, आणि मला ते फार आवडे.

काही वर्षांपूर्वी देवगाव रंगारीच्या गयाबाईची एक शेळी खोकत होती, खंगत होती. तिचंच धारोष्ण दूध गयाबाईचा नातू पीत होता. गुरांचा क्षय शेळ्यांनाही होतो, कच्च्या दुधातून माणसापर्यंत येतो, हे गयाबाईला पटेना. "शेळीला कुठं टीबी व्हतोय? झाडपाला खाती ती. तिचं दूध म्हंजी औषिद." विद्या वाद घालत बसली नाही. सगळ्या शेळ्यांच्या मानेवरचे केस कापून तिनं कातडीची जाडी चिमट्यासारख्या मापकानं मोजली आणि दोन जागी सुई टोचली. एका जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूचा अर्क, दुसऱ्या जागी गुरांच्या. पक्ष्यांच्या जंतूंसारखे साधे जंतू मातीतही असतात, त्यांच्यामुळंही मान सुजते, म्हणून दोन्ही ताडून बघायचे. कुठली जागा जास्त फुगते ते तिसऱ्या दिवशी बघायचं.

तिसऱ्या दिवशी मनूचा साखरपुडा होता. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. "अहो, ज्या हातानं आधी मोजलं त्याच हातानं पुन्हा मोजायचं. चिमटीचा दाब बदलला की माप बदलतं." झालं. नवी साडी नेसूनच गेली. इकडं व्याही आले, पोहे गार झाले, मी हवापाण्यावर बोलून बोलून थकलो...

तिकडं सुजलेल्या माना बघून शेजाऱ्यांनी "समदा कळप इकून टाक" असा सल्लाही देऊन टाकला होता. विद्यानं एकेक मान मोजली. बाकीच्या शेळ्यांची पक्ष्यांची जागाच जास्त फुगली होती, म्हणजे गुरांचा क्षय नव्हता. खोकणारीची मात्र गुरांची जागा टरारलेली. तेवढीच वेगळी काढली. पुढं ती मेल्यावर तिच्या गाठी प्रयोगशाळेत गेल्या, तोच निकाल आला. नातवाला तर मोजणीच्याच आठवड्यात तपासलं होतं, औषधं सुरू झाली आणि पोरगं सावरलं. कळपही राहिला.

साडीला शेळीचे केस घेऊन ती दारात आली तेव्हा मी भर मंडळीत उठून म्हणालो, "ही माझी बायको." सगळ्यांना माहीत होतं, तरी म्हणालो.

विद्या वारली त्याच्या तिसऱ्या दिवशी गयाबाई एसटीनं आली. हातात दुधाची किटली. "उकळून आणलंय," म्हणाली आणि रडू लागली. मी म्हणालो, "एवढी दगदग कशाला केली? दहाव्याला आली असतीस."

"नाय मालक. बाई पोरीचा साखरपुडा सोडून तिसऱ्या दिशी माझ्या दारी आल्या व्हत्या. मग म्या कशी चुकू?"

मापक स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेलं आहे, हिनं ठेवलं तसंच. जाताना गयाबाईनं त्याला हात जोडले.