डाव्या कोपऱ्याची जागा

तिसऱ्या वर्षाला असताना मी महाडच्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन होते, आणि संघ म्हणावा असं माझ्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. दोघींची लग्नं झाली. एक मुंबईला मॉलमध्ये लागली. एकीचे दोन विषय राहिले, तर घरच्यांनी मैदानच बंद केलं, जणू कबड्डीनेच तिचा पेपर लिहिला होता. चढाईला दोघी बऱ्या होत्या, उजवी बाजू पक्की होती. डावीकडे मी होते आणि माझ्या शेजारचा कोपरा रिकामा होता. खेळाचे सर वहीत सात जणींची यादी करायला बसायचे आणि डाव्या कोपऱ्याशी आले की पेन झटकत राहायचे.

वर्षभरापूर्वीपर्यंत तो कोपरा माझ्या मैत्रिणीचा होता. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला तिची वाडी. कबड्डीत कोपऱ्यावरची आणि तिच्या शेजारची हातात हात धरून उभ्या राहतात. कोपरेवाली चढाई करणारीच्या घोट्यावर झेपावली की शेजारणीने त्याच क्षणाला वरून अंगावर घ्यायचं. दोघींनी मिळून जायचं, नाहीतर जायचंच नाही. दोन वर्षं मी तिचा खरखरीत हात धरून उभी राहिले. निघायच्या आधी ती माझ्या बोटांना एक छोटासा हिसका द्यायची. तो आला की मी डोकंबिकं चालवत नसे, सरळ तुटून पडायचे.

दुसऱ्या वर्षाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला समोरून एक धिप्पाड मुलगी आली. आधीच्याच चढाईत तिने आमच्या एकीचा ओठ फोडला होता. मला हिसका मिळाला, आणि मी हात सोडला. घाम नव्हता, निसटला नव्हता. भ्यायले आणि सोडला, तीन पावलं मागे सरकले. मैत्रिणीने एकटीने घोटा धरून ठेवला आणि ती मुलगी सगळ्या वजनानिशी तिच्या गुडघ्यावर पडली. आवाज आला तो मी इथे लिहिणार नाही. पकड मात्र झाली होती, त्या गुणावर आम्ही जिंकलो. फोटोत मी करंडक धरून हसते आहे. सगळे म्हणाले, खेळात लागतंच. खरं काय झालं ते दोघींनाच ठाऊक होतं, आणि ती काहीच बोलली नाही. वाडीपासून गाडीच्या थांब्यापर्यंतची उतरण तिच्या पायाला झेपेना, कॉलेज सुटलं. मी एकदाच फोन केला, तोही अभ्यासाचं विचारायला. कसली निर्लज्ज होते मी.

आणि त्या जुलैत पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. काटकुळी, कानावर केस, पोलादपूरच्या गाडीने यायची. पहिल्याच दिवशी तिने आमच्या चढाईवालीचा घोटा असा धरला की सरांनी शिट्टी वाजवायची ती तोंडातच राहिली. कोपरा मिळाला, असं ते कार्यालयात जाऊन सांगून आले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्या पोरीकडून विभागाच्या करंडकाची आशा धरून बसले. पहिल्या वर्षाच्या पोरीवर एवढं ओझं टाकू नये, असं मी सरांना म्हटलं. मी किती काळजीवाहू कॅप्टन, असं त्यांना वाटलं असणार.

खरं कारण वेगळं होतं. ती मैदानात आली की डाव्या टाचेने रेघ दोनदा घासायची. माझी मैत्रीण तसंच करायची. मातीला हात लावून तो कानामागे पुसायची, तेही तिचंच. खाली वाकताना जीभ दातांत धरायची. डोळ्यांच्या कडेने बघितलं की कोपऱ्यावर तीच उभी दिसायची, धड गुडघ्यांची. एकदा मी नव्या मुलीला चक्क मैत्रिणीच्या नावाने हाक मारली. तिने सहज ओ दिली.

सरांनी यादीचं माझ्यावर टाकलं. तिच्या शेजारी तू उभी राहणार, तूच काय ते सांग, शनिवारी नावं पाठवायची आहेत, म्हणाले. मी तिला राखीव लिहिलं. अजून कच्ची आहे, असं मी सरांना सांगितलं. पोरगी दुसऱ्या दिवशी डबा न खाता परत घेऊन गेली. तिच्या घरच्यांनी कॉलेजला एकच वर्ष दिलं होतं, संघात आली नाही तर तीही मुंबईला भावाकडे कामाला जाणार होती. हे मला मागाहून दुसऱ्यांकडून कळलं आणि मी आणखीच चिडचिडी झाले. सगळ्यांवर खेकसत होते.

शुक्रवारी सरावाला मुली कमी होत्या, तिला माझ्या शेजारी उभं करावंच लागलं. मी हात पुढे केला. तिने बोटं धरली नाहीत, मनगट धरलं, घट्ट. मी हात ओढत विचारलं, हे कुठलं नवं खूळ?

"बायनं शिकवलंय," ती म्हणाली. "वरच्या घरातली बाय. खळ्याच्या कडेला पाय लांब करून बसते, हातात काठी. ती म्हणते, बोटं सुटतात."

बाय म्हणजे माझी मैत्रीण. टाच, माती, दातांतली जीभ, सगळं तिनेच एकेक करून या पोरीत घातलं होतं आणि माझ्याकडे खाली पाठवलं होतं.

कसं सुटलं, काही सांगितलं का तिने, असं मी विचारलं.

"घामानं निसटलं, सांगते. माझाच हात ओला होता, म्हणते."

ते ऐकून मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, तिच्या चांगुलपणाचा. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"निसटलं नव्हतं," मी म्हटलं. "मी सोडलं होतं. घाबरून."

पोरीने दचकावं तर तेही नाही. तिने माझं मनगट सोडलं, हात खाली घसरवला आणि बोटांत बोटं घातली.

"बाय म्हणाली होती, कॅप्टन सोतःहून सांगेल तेव्हाच बोटं धर. तवर मनगट," ती म्हणाली. "आता तुमाला वर बोलावलंय."

संध्याकाळी मी यादीत डाव्या कोपऱ्यावर तिचं नाव लिहिलं. स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत हरलो, पण माझ्यामुळे नाही, एवढं सांगते. तिने हिसका दिला की मी जात होते. स्पर्धा झाली की वर येते, असं मी तिला कबूल केलं होतं. मग परीक्षा आली. मग मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, पाळ्या सुरू झाल्या. पोरगी संघात राहिली, पुढे तीच कॅप्टन झाली. भेटली की विचारायची, बाय विचारते कधी येताव. मी म्हणायचे, येते गं, या रविवारी नक्की. असे किती रविवार गेले. हिसका येत होता आणि मी तीन पावलं मागे उभी होते.

परवा पोलादपूरला मावशीकडे गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते. समोर बायच्या वाडीवरून आंबेनळीकडे जाणारी गाडी लागलेली होती, आणि मी नेहमीसारखी तिकडे पाठ केली होती. कुणीतरी मागून येऊन माझा हात धरला. बघते तर तीच पोरगी, खांद्याला कॉलेजची बॅग. ती काही विचारत नव्हती, कधी येताव म्हणत नव्हती. तिने मनगट धरलं होतं आणि ती त्या गाडीकडे चालायला लागली होती.