लाल दोऱ्याचं कोहळं

वरवट बकालच्या विहिरीचं पाणी असं खारं, की डाळ शिजता शिजत नाही. त्याच पाण्यावर सोजराबाई अकरा वर्षं परसात उन्हाळी कोहळं, म्हणजे लाल भोपळा, पिकवत होती. दरसाल दहा-बारा वेल लावायचे, करपले ते उपटायचे. जो तगेल त्याच्या गोड फळाचं बी शेणात थापून घराच्या मागल्या भिंतीला, परसाच्या बाजूनं, चिकटवायचं. असं करत करत बुटकं, राखी, आत हळदीसारखं पिवळं कोहळं तिच्या हाती लागलं.

गेल्या साली त्याच बियांतून लांबडी, पांचट फळं निघाली.

"बी बदललं कोनं तरी," तिनं सून छायाला सांगितलं. "कुंपणाच्या पल्याड कोन राह्यते?"

पलीकडे अंबूबाई राहायची. तिच्या कुंपणावर दोन सालांपासून दुकानातल्या बियाचा कोहळ्याचा वेल होता.

"आत्याबाई, त्या काऊन बदलतीन?"

"पोटात दुखते तिच्या!"

अंबूबाईशी बोलणं बंद झालं. तीन सालांपूर्वीचं खरं बी डब्यात सातच उरलेलं. यंदा तेवढंच लावलं, अन् त्यातला एक वेल तगला. तो गेला की सगळं गेलं.

मार्चात कळ्या आल्या तशी बाई पहाटेच चहाचा कप घेऊन परसात बसू लागली, अंबू हात घालते का ते पाहायला. अंबू काही आली नाही. कुंपणावरच्या फुलात लोळून पिवळीधम्मक झालेली मधमाशी आली, अन् थेट बाईच्या फुलात शिरली.

बाई पाहातच राहिली. त्या फुलाचं पिवळं हिच्या फुलात गेलं, म्हणजे बी इथंच बदलत होतं.

त्या संध्याकाळी तिनं उद्या उमलणाऱ्या कळ्यांची तोंडं लाल दोऱ्यानं बांधली. सकाळी सोडून, नुसत्या देठावरचं नर फूल तोडून, खाली गोटीएवढं फळ असलेल्या मादी फुलात घासलं, पुन्हा दोरा आवळला. माशीचं काम माणसानं केलं.

चौथ्या दिवशी कुंपणावरून आवाज आला.

"काय व सोजरे, करणी करून राह्यली का माह्या वेलावर? चार दिसापासून माही फळं गळून राह्यली!"

"तू पाणी कमी घालतं, म्हून गळते."

"मंग हा दोरा कायचा? तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतं? तोडतोच आता!" अंबूबाईचा हात कळीवर आलासुद्धा.

"नोको तोडू व माय!" बाई धावली. "अकरा सालाचं बी हाय त्यात." मग सांगावंच लागलं. माशीचं, फुलाचं, पांचट फळांचं, सगळं.

अंबूबाईनं हात मागे घेतला. "म्हंजे चोर माही माशी. अन् सालभर कुरड्या-पापड कराले हाक नाही मारली ती मले?"

बाई खाली वाकून नसलेलं गवत उपटू लागली.

एकच फळ धरलं, पण बुटकं, राखी. मे महिन्यात ते फोडलं अन् दोघींनी परसातच भाजी खाल्ली. सोजराबाईनं पाच बिया अंबूबाईच्या तळहातावर ठेवल्या.

अंबूबाईनं एक दाताखाली धरून पाहिली. "उकडून त नाही देल्या ना बापा?"

"लावून पाह्य."

ती गेल्यावर बाईनं उरलेलं बी शेणात थापलं, अन् या खेपेला घराच्या आतल्या भिंतीला चिकटवलं.