हंबीररावाच्या हाताचं बटण

विश्रामबागेतला मौला रेडिओ दुरुस्त करायचा. एकोणऐंशी साली नाथाजीरावांनी आपल्या हॉटेलात पडद्यावर चेंडू टोलवायचं मशीन आणलं, आणि ते सांभाळायच्या नोकरीपायी या शहाण्यानं स्वतःचं दुकान मोडलं. बायको जरिना आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मला तिच्या जावेनंच सांगितलं, म्हणजे खरंच असणार.

मशीनचं बटण जरा फिरवलं की पडद्यावरची चेंडू अडवायची फळी एकदम कडेला पळायची. गिऱ्हाइकं वैतागली. नाथाजीराव म्हणाले, "सांजपतुर सुदारलं न्हाई तर मशीनबी परत आन् तूबी घरी."

मौलानं घाबरून समोर आलेलं पहिलंच गिऱ्हाईक, ऊसवाला हंबीरराव, खेळायला बसवला. तो इंजिनाला हँडल मारावं तसं बटण पिळायचा. मौलानं मशीनच्या आत एक मोठं चाक बसवलं आणि रेडिओत स्टेशनचा काटा हळूहळू सरकवणारी दोरी त्यावरून घेऊन बटणाला जोडली. आता चार फेरे मारले तरच फळी बोटभर सरकायची.

"आता कसं, पैलवान?"

"लय झ्याक हाय, गड्या!"

तेवढ्यात नाथाजीराव आले. गल्ल्यावर बसून मऊ झालेल्या दोन बोटांनी त्यांनी बटण हलवलं. फळी हललीच नाही.

"मेलं की रं हे!"

"आवं मालक, जोरात पिळा, पाया पडतो!" मौला रडकुंडीला आला.

मालकांनी धोतर सावरलं आणि टेम्पो बोलावला.