वीतभर मुलगी
लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. हे मुंबईला छापखान्यात कामाला होते. गावी सासूबाई आणि मी, दोघीच. तिसऱ्या महिन्यातच पोट पाचव्यासारखं दिसू लागलं. ओकाऱ्या थांबेचनात, पेजेचं पाणीदेखील पोटात ठरेना. सुईणीने पोट चाचपलं आणि सासूबाईंना म्हणाली, "जुळी आहेत हो काकू. पण एवढं पोट मी आजवर बघितलेलं नाही."

जुळी म्हटल्यावर सासूबाई हरखल्या. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला बसल्या. मला मात्र आतून भीती वाटे. पायांवर सूज चढली होती, डोकं ठणकायचं, आणि मधूनमधून लुगड्याला तांबूस डाग लागायचा. तो मी कुणाला दाखवला नाही. अजून त्याची बोच आहे.

पाचव्या महिन्यात, आषाढात, एका सकाळी मागील दारी भांडी घासताना रक्त वाहू लागलं. सासूबाईंनी शेजारच्या चौघांना हाक मारली, खुर्चीला बांबू बांधून डोली केली आणि दोन कोस चिखल तुडवत मला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं. स्वतः डोक्यावर इरलं घेऊन डोलीशेजारून चालत होत्या.

दुपारी मी मोकळी झाले. मुलगी होती. वीतभर, पण सगळी बोटं, नखं, कान जिथल्या तिथे. दोनतीनदा तिने तोंड उघडलं आणि मग उघडलं नाही. पण पोट रिकामं होईना. तिच्या मागोमाग पाण्याचे फुगे पडू लागले, द्राक्षांच्या घोसांसारखे, घमेलं भरून. उरलेले डॉक्टरांनी हात घालून काढले. मी जगेन असं तिथे कुणाला वाटत नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई डॉक्टरांना विचारत होत्या, "कुणी काही केलं असेल का हो?"

"नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "गर्भ दोन राहिले होते. एकाचं मूल धरलं, दुसऱ्याचे नुसते फुगे झाले. मुलीत काही दोष नव्हता. त्या फुग्यांनी तिला वाढू दिलं नाही."

दोष नव्हता, हे ऐकून मला जास्तच रडू आलं.

निघताना त्यांनी बजावलं, "दोन वर्षं पुन्हा दिवस जाता कामा नयेत. आणि जरा रक्त दिसलं तर त्याच दिवशी इथे या. यातून वाईट आजार उद्भवतो."

पावसात आगबोटी बंद, त्यामुळे ह्यांना पत्रानेच कळलं. गावात बायका नाही नाही ते बोलल्या. हिच्या पोटी भुताची अंडी आली, असंही कुणी म्हणालं. सासूबाई पाणवठ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "माझी नात होती ती. मी तिला आंघोळ घातली, मी पुरली. कुणाला काय विचारायचं ते मला विचारा."

भाद्रपदात हे आले. सासूबाईंनी त्यांचं अंथरूण ओटीवर घातलं आणि म्हणाल्या, "दोन वर्षं इथेच निजायचं. ती मला जिवंत हवी."

दुसऱ्या दिवशी मी ताक करत होते, तिथे हे येऊन बसले. विचारलं, "कशी होती?"

"चांगली होती," मी म्हटलं. त्यांनी माझ्या हातातली रवी घेतली आणि ताक घुसळत राहिले, लोणी येऊन गेलं तरी.

आजार काही झाला नाही. पुढे दोन मुलगे झाले, धडधाकट. एकदा कुणी पाहुणीने विचारलं, मुलं किती? मी दोन म्हटलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीन म्हण गो."

त्या होत्या तोवर त्यांच्यासमोर मी तीन म्हणत असे. एकटीला कुणी विचारलं की अजूनही दोनच तोंडून निघतं.