फिलोमिनाबाय बाजारात जातात

एस.टी. आचऱ्याला पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. माडांमागे समुद्र गाजत होता. दोन वर्षं खपून मी बनवलेल्या काठीची आज परीक्षा होती. अंधांसाठीची काठी. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी अडथळ्यावर आपटून परत आल्या की ती शिटी वाजवी.

परीक्षक होत्या फिलोमिनाबाय, आमच्या तंत्रविद्यालयातल्या डिसोजांच्या थोरल्या बहीण. पूर्वी शिक्षिका. काचबिंदूने दृष्टी गेली तरी फिरत असत. पण पाणंदीत (दोन कुंपणांमधली वाट) कुणीतरी रचलेल्या चिऱ्यांवर पडून मनगट मोडलं, आणि गेली चार वर्षं त्या अंगणाबाहेर एकट्या गेल्या नव्हत्या.

काठी घेऊन त्या घरासमोरच्या रस्त्यावर वीसेक पावलं चालल्या. शिटी सारखी किंचाळत होती. मागून सायकल आली, घंटीही वाजली. त्यांना ती ऐकूच गेली नाही. मी दंड धरून ओढलं म्हणून वाचल्या.

"ही शिटी बंद कर रे," त्या म्हणाल्या. "दर्या खंय आसा, सायकल खंयसून येता, ह्यां माका कान सांगतत. तेच भरून टाकलंस तर चलू कशी?"

मी खजील झालो. दोन वर्षांत मी एकाही अंध माणसाला काही विचारलं नव्हतं.

"मग सांगू कसं, बाय?"

त्यांनी माझा हात ओढून तळव्यावर बोटं आपटली. "हयसर सांग."

दुसऱ्या दिवशी कट्टा नावाच्या गावी गेलो. तिथल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मोडक्या टेपरेकॉर्डरची इवलीशी मोटर मिळाली. दुकानदाराने तिच्या आसाला एका बाजूला डाखाचा (सोल्डरचा) ठिपका लावला. सुरू करताच एका बाजूच्या वजनाने ती हातात थरथरायला लागली.

"कुर्ली (खेकडा) धरल्यासारखी वाटता!" तो खूश होऊन म्हणाला.

शिटी काढून मोटर काठीच्या मुठीत बसवली. दोन दिवस अंगणात बाय हुकूम देत होत्या: "काठी लवकर सांगता. उशिरा सांगता. आता बरां." मी स्क्रू पिळत होतो.

तिसऱ्या सकाळी त्या निघाल्या. मी दहा पावलं मागे, तोंड बंद ठेवून. वाटेत बैलगाडी उभी होती. बाय थबकल्या, वळसा घालून पुढे गेल्या. कुंपण संपून मूठ शांत झाली, तशा बरोबर किनाऱ्यावरच्या मासळीबाजाराकडे वळल्या.

मासळीवाल्या बघतच राहिल्या. "बाय, तू? आणि एकटीच?"

"होय गो. बांगडे दाखय." त्यांनी एकेक बांगडा बोटांनी दाबून पाहिला, दोन परत केले. "ह्ये कालचे. माका फसवतंस?" अख्खा किनारा हसला. बाय सर्वांत मोठ्याने.

दुपारी त्यांच्या हातचं तिरफळ घातलेलं तिखलं (मासळीचं आंबट-तिखट कालवण) मी दोनदा वाढून घेतलं. काठी मागे ठेवूनच निघालो. ती परत मागायची माझी छाती नव्हती.

माझ्या यंत्रातली मोठी चूक शोधली एका शिक्षिकेने, तीही वीस पावलांत. तरी इतका आनंद मला कुठल्याही शाबासकीने झाला नव्हता. परतीची एस.टी. फोंडाघाट चढताना मी एकटाच हसत होतो.

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "गावात काही शुभकार्य होतं वाटतं?"

"हो," मी म्हणालो. "एक बाई बाजारात जाऊन आल्या."