शिट्टीविरुद्धचा अर्ज

आधीच सांगते, मी गोव्याला संदेश पाठवत नव्हते. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होतं आणि आमच्या किनाऱ्यावर कोणी काही वेगळं केलं की लोकांना पहिला संशय तोच. मी एक यंत्र केलं होतं, एवढंच.

झालं असं, की ग्रामपंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ बिघडला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे लोक त्यावर वाऱ्यावादळाची खबर ऐकायचे. एका पंचाच्या जावयाने मागचं झाकण काढून आतले स्क्रू पिळले होते, का तर म्हणे सैल वाटले! अहो, त्या स्क्रूंनी रेडिओ सुरात लागतो, तंबोऱ्याच्या खुंट्यांसारखा. त्यांना उगाच हात लावायचा नसतो.

गावातली रेडिओदुरुस्ती मी करायची. भावाने मुंबईहून टपालाने धडे मागवले होते. तो तिसऱ्या धड्याला कंटाळला, मी बाराही धडे संपवले. इंग्रजी जेमतेम, पण आकृती वाचता यायची. तरी सरपंच म्हणाले, "चेडवा, आजपासून तिसऱ्या बाजाराच्या दिसापर्यंत जमला तर बरा. नायतर सेट कुडाळाक धाडतंय. मगे पंचायतीचा काम तुका नाय." आणि पंचायतीने काम काढून घेतलं की गावही काढून घेणार, हे मला कळत होतं.

सूर लावायला सिग्नल जनरेटर लागतो, म्हणजे ठरलेल्या आकड्यावर शिट्टी सोडणारं यंत्र; ती रेडिओत मोठ्यात मोठी ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. कुडाळच्या दुकानात तो होता. मी एसटीने गेले, दोन दिवसांसाठी मागितला. दुकानदार हसून म्हणाला, "बाई, हे शिवणाचं मशीन नव्हे." कसालपर्यंत नुसती धुमसत होते. तिथे मालवणची गाडी मिळाली आणि तिच्यात बसल्याबसल्या धड्यातली आकृती आठवायला लागले. नाही देत ना? मी करते.

एका मेलेल्या सेटातून व्हॉल्व्ह आणि फिरता कंडेन्सर काढला. कॉइलसाठी बांबूचं कांड मेणबत्तीच्या मेणात उकळलं, नाहीतर आमच्या खाऱ्या हवेत ते फुगतं आणि सूर सरकतो. तार मीच गुंडाळली. जाळी विणणाऱ्या घरातली मी, वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही हे बोटांना शिकवावं लागलं नाही. पुठ्ठ्याची चकती लावून तिच्यावर पंधरा खुणा केल्या. यंत्र वाजायला लागलं. पण कुठली खूण म्हणजे रेडिओच्या काट्याचा कुठला आकडा, हे कसं कळणार? त्यासाठी धड रेडिओ हवा.

धड रेडिओ शेजारच्या काकांकडे. मुंबईला कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. विचारायला गेले, तर ओटीवरूनच म्हणाले, "माझ्या रेडिओक हात लावूचा नाय. घराक जा."

मग रोज संध्याकाळी एक खूण पुढे सरकवायची, पंचायतीच्या सेटात काही उमटतं का बघायचं आणि वहीत वार लिहायचा. काही उमटत नव्हतं. मुदतीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी पंचायतीचं बोलावणं आलं, यंत्र आणि सेट घेऊन ये म्हणून.

काकांनी अर्ज दिला होता. स्वतःच उभे राहून वाचत होते, कचेरीच्या मराठीत. "सदर यंत्राच्या शिट्टीमुळे अर्जदारास स्वतःच्या रेडिओवर गाणी ऐकणे अशक्य झाले असून, सरहद्द जवळ असल्याने प्रकार संशयास्पद आहे. पुराव्यादाखल शिट्टी काट्याच्या कोणत्या आकड्यावर आली, ते वारांसह सोबत नोंदवले आहे."

मी कान टवकारले. "काकानू, हे आकडे बरोबर आसत?"

"तीस वर्षं नोंदी ठेवल्यात मी. माझा आकडा चुकत नाही!"

"मगे माका तो कागद देवा."

सोमवार पंच्याऐंशी, मंगळवार नव्वद, बुधवार शहाण्णव. माझ्या वहीत त्याच वारांना सहावी, सातवी, आठवी खूण. माझं यंत्र ज्या आकड्यावर वाजतं, त्याच्या दुपटीवरही त्याची बारीक शिट्टी उमटते, हे धड्यात होतं. स्क्रू लावायचा आकडा धड्याप्रमाणे साडेपंचेचाळीस, त्याची दुप्पट काकांच्या काट्यावर एक्क्याण्णव. म्हणजे सातव्या खुणेच्या जरासं पुढे. मी तिथेच सतरंजीवर बसले, चकती तेवढी फिरवली, तार सेटाला जोडली आणि बांबूच्या चपट्या काडीने एकेक स्क्रू फिरवायला लागले.

"गो, ह्या काय चल्लाहा?" एक पंच ओरडले.

"काकांनी आकडे दिले, ते लावतंय!"

शिट्टी आधी कुजबुजली, मग एवढी मोठी झाली की काकांनी कानांवर हात ठेवले. मी यंत्र बंद केलं, काटा फिरवला. मुंबईच्या बातम्या, खणखणीत.

सरपंच खूश झाले. म्हणाले, "सेट हयच ऱ्हवांदे. काम तुझाच. पण ता यंत्र मोडून टाक, कटकट नको."

"यंत्र मोडलंय तर काम कसला करू? यंत्र ऱ्हवतला. नको तर मगे सेट कुडाळाक धाडा."

दाराशी रापणीचे दोघे-तिघे उभे होते, त्यातला एक म्हणाला, "सेट खंय जाऊचो नाय."

काकांचा अर्ज निकाली निघाला. त्यांचा रेडिओ पुढे कधी बिघडला तर कुडाळलाच गेला, माझ्याकडे आला नाही. मीही कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून पेटी बसवली, तेव्हापासून शिट्टी बाहेर गेली नाही. पंचांना वाटलं, बाई नमली. नमले कसली! पेटी बसवायची हे अकराव्या धड्यातच लिहिलं होतं, घाईत राहून गेलं होतं.