रविवारी उपाशी यायचं

शुभाताई गेल्याचं मला मोबाईलवर कळलं, तेही कारखान्याच्या ग्रुपवर, जोडलेल्या हातांच्या चित्राखाली. सकाळची पाळी होती. हातात माप तपासायचं गेज होतं आणि समोर तपासायचे गिअर ट्रेमध्ये मांडून ठेवलेले. मी मेसेज वाचला, मोबाईल खिशात टाकला आणि पुढचा गिअर उचलला. तो पास केला, त्याच्या पुढचाही केला. मग गेज खाली ठेवलं आणि स्टुलावर बसले... नगरजवळच्या नागापूरच्या त्याच कारखान्यात, क्वालिटीच्या त्याच टेबलाशी, नऊ वर्षांपूर्वी ताईंनी मला गेज धरायला शिकवलं होतं. त्या आमच्या डिपार्टमेंटच्या मुख्य. तीन आठवड्यांपूर्वी रजा टाकून पुण्याला भावाकडे गेल्या होत्या. "जरा हवापालट," असं सांगून. आमचं सगळ्यांचं कामच मुळी चुका शोधायचं, आणि आम्ही ते खरं मानलं.

चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार, दोन मिनिटं शांतता, मग भाषणं. दर रविवारी ताईंच्या घरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून चार-चार थालीपिठं रिचवणारे आमचे जोशीसाहेब उठले आणि म्हणाले, "शुभदा मॅडम म्हणजे साक्षात अन्नपूर्णा." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! अन्नपूर्णा म्हणे. अन्नपूर्णा म्हटलं की बरं असतं, ती स्वतः जेवली का हे कुणाला विचारावं लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे लिहायला लाज वाटते, पण डोलावली.

मी काष्टीची. घरची शेती, घरात माणसं पुष्कळ, आणि बायका शेवटच्या पंगतीला. माझ्या आईची एक शिकवण पक्की होती. कुणाकडे खायला बोलावलं तर घरून पोटभर खाऊन निघायचं. "बाईमानसानं भुकेलं दिसू न्हाई. लोक म्हनतील, घरी काय मिळत नसंल." नगरला नोकरी लागली, बोल्हेगावात एक खोली भाड्यानं घेतली, आणि दुसऱ्याच महिन्यात ताई म्हणाल्या, "मंगल, रविवारी अकराला घरी ये, ब्रंचला." मला त्यातलं काही कळलं नाही. अकराला म्हणजे न्याहारी म्हणावी तर ऊन तापलेलं, आणि जेवण म्हणावं तर कुकरसुद्धा लागलेला नसतो. विचारायची सोय नव्हती, गावंढळ ठरले असते. मग मी आईनं शिकवलेलं तेच केलं. सकाळी सातला दोन भाकरी आणि पिठलं खाल्लं आणि सावेडीला त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन पोहोचले.

स्वयंपाकघरातच टेबल होतं. मटकीची उसळ, पपईच्या फोडी, शेंगदाण्याची चटणी, वाडगाभर लोणी, लोण्यात भाजलेले पाव, कॉफी, आणि तव्यावर एकेक थालीपीठ. कुणी घाईत नाही. कारखान्यातलीच माणसं, खाताहेत, थांबताहेत, पेपर वाचताहेत, वाद घालताहेत, पुन्हा खाताहेत. दीड वाजला तरी कुणी उठेना! मला तर हे पाप वाटत होतं. रविवार म्हणजे धुणं, दळण, खोली पुसणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोटात तसूभर जागा नव्हती. मी अर्धं थालीपीठ चिवडत बसले. ताईंना वाटलं, पोरीला आवडलं नाही. तसं त्यांनी तोंडावर विचारलंही. मी आपलं "नाही हो, छान आहे" म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी मला सातला जागच आली नाही. तशीच उपाशी गेले. पण तोंडाची सवय... ताईंनी ताट पुढं केलं तर मी म्हणाले, "नको ताई, मी खाऊन आले." त्यांनी हातातलं उलथणं खाली ठेवलं. "खोटं बोलतेस. खाल्लेलं माणूस तव्याकडे बघत नाही." सगळ्यांसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग त्यांनी पहिलं गरम थालीपीठ माझ्या ताटात टाकलं, वर लोण्याचा गोळा, आणि म्हणाल्या, "माझ्याकडे रविवारी उपाशी यायचं. खाऊन येणं हा माझा अपमान आहे." सव्वीस वर्षांच्या आयुष्यात तव्यावरचं पहिलं माझ्या ताटात कधी पडलं नव्हतं. ते लोणी वितळताना बघून मला रडू यायला लागलं, म्हणून मी चटणी तिखट आहे असं सांगितलं.

तेव्हापासून रविवार म्हणजे भूक, असं समीकरण झालं. शनिवारी रात्रीच मी कमी जेवायची, ताईंना तसं सांगायचीही. आरामात खायचं, दुसऱ्यांदा मागायचं, "मीठ कमी आहे" असं बेधडक सांगायचं, हे सगळं मी त्या टेबलाशी शिकले. त्यांचाही एक नेम होता. सगळ्यांचं झालं की ताई खुर्चीत बसायच्या, आणि शेवटचं थालीपीठ मी लावायचं, त्यांच्यासाठी. ओल्या फडक्यावर थापायचं, बोटानं भोकं पाडायची, तेल सोडायचं. माझं नेहमी एका बाजूनं जाड व्हायचं. त्या हातानं चाचपून म्हणायच्या, "रिजेक्ट," आणि सगळं खायच्या. आठ वर्षं हे चाललं. लोक आले, बदलून गेले, जोशीसाहेब तेवढे चिकटून राहिले, आणि शेवटचं थालीपीठ माझं.

यंदा मात्र एका रविवारी मी फडकं ओलं करायला उठले तर ताई म्हणाल्या, "बस गं, माझं मगाशीच झालं. करता करता खाल्लं." मी बसले. खरं सांगते, मला बरंच वाटलं. जोशीसाहेबांचा कुठलातरी किस्सा रंगात आला होता. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मग मी उठायचंच सोडून दिलं. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या मला दिसल्या. मी विचारलं, "ताई, खरंच खाल्लंत ना?" "हो गं बाई!" आणि मी त्यांच्याकडे नीट बघितलं. तव्यावरून वाफ येत होती आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलेलं होतं. तव्याकडे त्या बघत नव्हत्या. मी मनाशी म्हटलं, खाल्लेलं माणूस तव्याकडे बघत नाही... आणि निश्चिंतपणे तिसरं थालीपीठ वाढून घेतलं.

फ्लॅट रिकामा करायला त्यांचे धाकटे भाऊ आले तेव्हा मी मदतीला गेले. जोशीसाहेबांना फोन केला होता, त्यांना काम निघालं. भांडी खोक्यात भरता भरता भाऊ सहज बोलावं तसं बोलले. पोटाचा कॅन्सर. चार महिने फक्त पेज आणि नारळपाणी. घास उतरत नव्हता, फोडणीचा वास आला तरी उलटी व्हायची. कुणाला सांगू नकोस म्हणून ताईंनी भावाला शपथ घातली होती. मी म्हटलं, "पण दर रविवारी तर..." ते म्हणाले, "मी भांडलो त्यावरून. म्हणाली, ती पोरगी शनिवारपासून उपाशी राहते रे, तिला नाही कसं म्हणू?"

मी हातातलं पातेलं खोक्यात ठेवलं. आधी मला त्यांचाच राग आला. भयंकर राग. खोटं बोललात ना शेवटी, माझं खोटं सगळ्यांसमोर धरलंत आणि स्वतःचं खिडकीकडे तोंड करून लपवलंत. मग राग जिथं यायला हवा तिथं आला. गिअरच्या दात्यात केसाएवढा फरक असला तर मी तो ट्रे परत पाठवते. समोरचं माणूस चार महिने उपाशी उभं राहून मला वाढत होतं, आणि मी पास, पास, पास करत गेले. एक थालीपीठ थापून समोर ठेवलं असतं, एक घास माझ्यासमोर खा म्हटलं असतं, तरी सगळं उघडं पडलं असतं. वाचल्या नसत्या कदाचित. पण एकट्या तरी राहिल्या नसत्या.

भावानं विचारलं, आठवण म्हणून काय हवं. मी तवा मागितला. काळा, कडेला जरा वाकलेला, मुठीपाशी कापड गुंडाळलेला.

गेल्या रविवारी आई काष्टीहून आली होती. अकरा वाजता मी तो तवा तापवला. आई दारापाशी भिंतीला टेकून बसली. मी पहिलं थालीपीठ तिच्यापुढं केलं तर म्हणाली, "तू खा गं. म्या खाल्लंय की मगाशी." ती माझ्याकडेच बघत होती, तव्याकडे नाही. मी गॅस बंद केला. ताट घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आसं काय बघतीस?" ती म्हणाली.

"एक घास खा. माझ्यासमोर."

"आगं पर खाल्लंय म्हनलं ना..."

"खा."

ती कुरकुरली, मला येडी म्हणाली, मग तिनं तुकडा मोडला आणि खाल्ला. दुसराही खाल्ला. भूक लागली होती तिला, चांगलीच. तिचं पुरं होईपर्यंत मी तिथून हलले नाही. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.